रसदीचं कोकरू आणि विलायती जावई

माझ्या चुलतभावाचा पोरगा, माझा भाचा, बँकेत आहे. बँकेत असल्यामुळं त्याला जगातलं सगळं कळतं. मागच्या दिवाळीत तो कुत्र्यांचं एक जाडजूड रंगीत पुस्तक घेऊन आला, माझ्या मांडीवर आदळलं आणि एक पान उघडून म्हणाला, "आत्या, असं कुत्रं तू बापजन्मात पाह्यलं का?" पानभर एक पांढरं, केसाळ, धिप्पाड जनावर बसलं होतं. मागं डोंगर, डोंगरावर मेंढरं. खाली लिहिलं होतं की हा इटलीतला मेंढरांचा राखणदार, स्वभावानं निष्ठावान. मला हसूच आलं. निष्ठावान म्हणे! त्या पुस्तकवाल्याच्या दारात असलं एक जनावर चार दिवस आणून सोडायला पाहिजे होतं. "पाह्यलं," मी म्हणाले, "दोन सालं पाह्यलं. आता हे उचल, मांडी दुखून राह्यली."

त्याचा विश्वास बसला नाही. आत्या म्हातारी झाली, काहीबाही बोलते, असं तोंड करून तो चहा प्यायला. म्हणून लिहायला बसले. अक्षरं मी चाळिशीनंतर शिकले, तेव्हा कुठं काना-मात्रा घसरला तर शिकलेल्या लोकांनी नाक मुरडू नये. मुरडलं तरी माझं काही जात नाही.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं मोठी लढाई चालू होती. आम्ही धनगर. हिवाळ्यात मुधोळ-भैंशाकडच्या काळ्या रानात असायचो. ज्वारी निघाली की शेतकरी आमची मेंढरं आपल्या शेतात बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत व्हावं म्हणून, आणि बदल्यात ज्वारी द्यायचे. ऊन तापायला लागलं की आम्ही बाजारहत्नूरच्या अंगाला जंगलात चढायचो, कारण खाली तेव्हा गवताची काडी उरायची नाही. माझी माय कधीच गेली होती. घरात, म्हणजे पालात, बा आणि मी. माझं लग्न झालं होतं, झालं नव्हतं असं नाही. एक वर्ष त्या माणसाचं तोंड पाहिलं, आणि एका सकाळी घोंगडी खांद्यावर टाकून बाच्याकडं परत आले. बानं विचारलं, "काऊन आली व?" मी म्हणाले, "त्याच्यापरीस मेंढरं बरी." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

माझा बा भला माणूस होता. भला म्हणजे घाबरट. लोक मेलेल्या माणसाबद्दल बोलताना हे दोन शब्द अदलाबदल करून वापरतात, मी करत नाही.

आणि भ्यायला माणसांची कमी नव्हती. त्यातही दौऱ्यावरचा साहेब म्हणजे कळस. साहेबाचा तंबू जिथं पडेल तिथल्या लोकांनी त्याला आणि त्याच्या लटांबराला फुकट जेवू घालायचं. याला रसद म्हणत. कोंबड्या, दूध, सरपण गावानं द्यायचं, आणि कोकरू धनगरानं. साहेब कोणत्या खात्याचा होता ते मी मुद्दामच सांगत नाही, सगळी खाती एकाच परातीत जेवत होती. एवढंच सांगते की उन्हाळ्यात आमची मेंढरं जंगलात शिरणार की नाही हे त्याच्या मुंडीवर होतं. मुंडी उभी हलली की चारा, आडवी हलली की उपास.

रसद मागायला साहेब कशाला येईल? चपराशी यायचा. मुधोळकडचाच, आपलंच बोलणारा. छातीवर पितळी बिल्ला. तो बिल्ला काढून ठेवला असता तर आमच्यातल्याच कोणाचा तरी मावसभाऊ म्हणून खपला असता, पण बिल्ला लागला की त्याच्या मानेत काठी शिरायची. तो खांडीत शिरायचा, म्हणजे आमच्या मेंढरांच्या कळपात, आणि कोकरांच्या पाठीवरून हात फिरवून सगळ्यात भरलेलं निवडायचा. बा हात जोडून म्हणायचा, "न्या ना दादा, न्या, सरकारचंच हाय." नुसता म्हणून थांबायचा नाही, स्वतः उचलून त्याच्या खांद्यावर द्यायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चपराशी गेला की मी बाला सोडायची नाही. "बा, तू माणूस हायस का खुंटा? त्यानं उद्या मले मागितलं त मलेबी उचलून देशीन का?" बा शांतपणे चिलीम भरायचा. "एका कोकरात जंगल भेटते पोरी," एवढंच म्हणायचा. मी थुंकायची. खरोखरच थुंकायची.

आता कुत्र्याकडं येते. रेल्वेच्या अंगाला कुठंतरी एक इटलीचा पाद्री राहत होता. माणूस मूळचा मेंढपाळांच्या मुलखातला असावा, कारण त्यानं चार मेंढ्या पाळल्या होत्या आणि बोटीतून दोन कुत्री आणली होती. त्यांची पिल्लं मेंढ्यांच्या पोटाशी वाढत होती. लढाईत इटली इंग्रजांच्या उलट बाजूला गेली आणि एक दिवस पाद्रीबाबाला उचलून नेलं. त्याची मेंढरं कोणी खाल्ली ते सांगायला नको. वर्षभराचं एक पिल्लू मात्र आमच्या साहेबाच्या पदरात पडलं. विलायती जनावर फुकट मिळालं म्हणून साहेब इतका फुगला की आदिलाबादेत ज्याच्या त्याच्यासमोर त्याची कीर्ती गायला लागला. एक इंग्रजी नाव ठेवलं, गळ्यात कातडी पट्टा घातला आणि त्याला बंगल्याच्या फाटकाशी बांधलं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर धाक बसावा म्हणून.

धाक कसला बसतो! तो फाटकाकडं पाठ करून बसायचा. तोंड मागच्या अंगणाकडं, जिथं खानसाम्याच्या चार बकऱ्या बांधलेल्या असत. चोर येवो, पाहुणा येवो, हा मान वळवायचा नाही. पण एक दिवस खानसामा सुरी घेऊन बकरीकडं निघाला तेव्हा यानं साखळी तोडून त्याचा पायजमा ढुंगणापर्यंत फाडला. पुढं बंगल्यावर बकरी कापायची म्हणजे लढाईच व्हायला लागली. हे सगळं चपराशानंच आम्हाला हसत हसत सांगितलं. साहेबाला एवढं शिक्षण असून कळलं नाही की हे जनावर कोणाचं आहे. शिक्षणानं कळतं ते वेगळंच असतं.

तर साहेबानं ती ब्याद आमच्या गळ्यात बांधली. त्या साली तंबू आमच्या पालाशेजारी पडला होता. कोकरू खाऊन झालं, ढेकर देऊन झाला, आणि साहेब बाला म्हणाला, "ये विलायती नस्ल है. इसको रखो. अगले दौरे में देखूँगा. कुछ हो गया तो तुम्हारी खैर नहीं." बा म्हणाला, "जी सरकार." बा दुसरं काय म्हणणार? कोकरू गेलं ते गेलंच, वर खाणारं एक तोंड आलं.

मी त्याला जावई म्हणायला लागले. काम नाही, धाम नाही, बसून खाणार, आणि सरकारचा म्हणून कोणी बोलायचं नाही. पहिले दोन दिवस जावईबापूंनी ज्वारीच्या आंबिलीकडं पाठ केली. बंगल्यावर मटण-पाव चालत होता ना! तिसऱ्या दिवशी भगुणं चाटून पालथं केलं. भूक लागली की विलायत उतरते.

आमची दोन गावठी कुत्री होती, वाळकी, पण कामाची. गाडी दिसली की भुंकत पळायची, हाक मारली की परत यायची. हा हाकेला यायचा नाही. काठी फेकली तर काठीकडं बघायचा आणि मग माझ्याकडं, जणू माझीच अक्कल गहाण पडली. दिवसभर मेंढरांच्या मधोमध फतकल मारून बसायचा. मेंढरं पुढं सरकली की उठून त्यांच्यासोबत सरकायचा आणि पुन्हा बसायचा. अंगभर पांढरे केस, त्यात कुसळं, गोखरू, शेण. "ह्याच्यापरीस एक दगड पाळला असता," मी बाला म्हणायची, "दगडाले आंबील लागत नाई." बाला त्याच्या केसांची दया आली. कातरणीच्या वेळी त्यानं मेंढरांबरोबर यालाही आडवा पाडून अर्धी पाठ भादरली. वाटलं, उकाड्यातून सुटेल आणि घोंगडीपुरती लोकर निघेल. लोकर कामाची निघाली नाही, आणि उघडी पाठ उन्हानं सोलपटून निघाली. मग महिनाभर बा त्याच्या पाठीला करंजाचं तेल चोपडत बसला. घरातली सून आजारी पडली असती तर एवढी सेवा झाली नसती.

एका मेंढीला रानात कळा लागल्या तेव्हा तो तिच्याजवळ जाऊन बसला. कोकरू खाली पडलं, हा हुंगायला लागला. मी काठी घेऊन धावले, खातो मेला आता! त्यानं माझ्याकडं एकदा वर पाहिलं आणि कोकराचं तोंड चाटायला लागला. मी काठी तशीच धरून उभी राहिले. मेंढीनं त्याला हाकललं नाही, मीच तिथं परकी वाटत होते. त्या दिवसापासून शिव्या थोड्या कमी केल्या. बंद नाही केल्या.

हळूहळू कळत गेलं. त्याला धावायचं नसायचंच. त्याला मधे उभं राहायचं असायचं. लांडगा आला की आमची कुत्री मागं लागायची, आणि तेवढ्यात दुसरा लांडगा दुसऱ्या बाजूनं कोकरू उचलायचा. हा जागचा हलायचा नाही. लांडगा आणि मेंढरू यांच्या मधे उभा, मान खाली, आणि पोटातून एक आवाज. त्या हिवाळ्यात आमचं एकही गेलं नाही, शेजारच्या खांडीतली गेली. शेजारी रागानं म्हणाला, "तुमच्या जावयाले शेजारधर्म माईत नाई."

माणसांतही त्यानं निवड केली होती. बा आणि मी, दोघंच वाघरीच्या आत जाऊ शकायचो. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायला भोवती उभं करतो ते दोरीचं जाळं. तिसऱ्या कोणी त्याला हात लावला की हा उठायचा. माझ्यावर त्याचा जरा जास्तच लोभ होता. मायचं दूध आटलेली कोकरं मी कडेवर घेऊन बाहेर शेळ्यांकडं पाजायला न्यायची. तो शेपूट हलवत वाघरीच्या काठापर्यंत पोचवायला यायचा. परत आणून ठेवलं की नाकानं हुंगून खात्री करून घ्यायचा, आणि मग माझा हात चाटायचा. मी हात लुगड्याला पुसून म्हणायची, "झालं का समाधान, जावईबापू?"

पुढच्या साली मेंढरांना देवी आल्या. दीडशे-दोनशेची खांड, पण रोज सकाळी दोन-तीन ओढून बाहेर टाकायची. कोकरं तर पाल्यासारखी गळाली. आमचा मेंढा गेला, म्हणजे ज्याच्यापासून सगळी पैदास व्हायची तोच. देवी ओसरल्या तेव्हा नर असं एकच कोकरू जगलेलं होतं, त्याच मेंढ्याचं. रुंद छाती, जाड हाड, शिंगांच्या जागी दोन गाठी. मायही मेली होती. शेळ्यांवर मी वाढवलं आणि जावयानं पोटाशी घेऊन. बा दिवसातून चार वेळा त्याची छाती चाचपून बघायचा आणि म्हणायचा, "हा उभा राह्यला त खांड उभी राह्यली." हे लाडाचं बोलणं नव्हतं. दुसरा नर आमच्याकडं नव्हता, आणि चांगला मेंढा कोणी देत नाही.

शिमग्याच्या आगेमागे आम्ही बाजारहत्नूरच्या वाटेला लागलो, आणि जंगलाच्या तोंडाशीच साहेबाचा तंबू. दुसऱ्या दिवशी सकाळीच चपराशी हजर. कोकरांवरून नजर फिरवली आणि बोट नेमकं त्याच्यावर ठेवलं. बाचा चेहरा उतरला. "दादा, ते सोडून काईबी न्या. मेंढी न्या, शेळी न्या."

"साहेबाच्या ताटात म्हातारी मेंढी? दात तुझे हायेत का त्याचे?" असं म्हणून चपराशानं वाघरीवरून पाय टाकला.

जावई उठला. घाई नाही, भुंकणं नाही. आला आणि चपराशी आणि कोकरू यांच्या मधे उभा राहिला. मान खाली, पोटातून तोच आवाज.

"सरक बे," चपराशी म्हणाला, "मी तुह्या मालकाचा माणूस हाय." आणि त्यानं खरोखर बिल्ला पुढं केला. कुत्र्याला बिल्ला दाखवणारा माणूस जन्मात मी तो एकच पाहिला. जावयानं बिल्ला हुंगला, पसंत पडला नाही, आणि दोन पाय टाकून पुढं आला. चपराशी मागं सरता सरता वाघरीत अडकला आणि लेंड्यांत उताणा. मी अशी हसले, अशी हसले की पोटात कळ आली. इतकी वर्षं आमच्या मुलखात मिशीवाले, पागोटेवाले, चार गावांत मान असलेले बाप्ये रसद देत आले होते. त्यातल्या एकाच्या तोंडून 'नाही' निघालं नव्हतं. ते या आंबीलखाऊ जावयानं म्हटलं, आणि तेही न बोलता. बाची मात्र पाचावर धारण बसली. तो चपराशाची पाठ झटकत होता.

तासाभरानं साहेब स्वतः आला, घोड्यावर, सोबत दोन पाहुणे. त्याला वाटलं धनगरानं आपलं गावठी कुत्रं अंगावर सोडलं. वाघरीशी येऊन पाहतो तर त्याचाच विलायती! चेहरा उजळला. पाहुण्यांना म्हणाला, "देखिए, हमारा है," आणि ते इंग्रजी नाव घेऊन हाक मारली. जावई ढिम्म. पुन्हा हाक, चुटकी, शीळ. साहेबानं हात पुढं करून वाघरीत पाऊल टाकलं आणि जावयानं त्यालाही तोच आवाज ऐकवला, चपराशाला ऐकवला तितकाच, तसूचाही फरक नाही. एक पाहुणा फिसकन हसला.

साहेब लालबुंद झाला. चपराशी म्हणाला, "बंदूक आणू का सरकार?" पण ज्याची कीर्ती आदिलाबादभर गायली ते जनावर मारून सांगायचं काय? मग साहेबानं त्याला जमत होतं ते केलं. बाच्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "इसको ले चलो." बा मुकाट त्यांच्यामागं गेला.

दुपारी चपराशी एकटा परत आला. लांबच, बाभळीखाली उभा राहिला. हसत नव्हता. "म्हातारा उन्हात उभा हाय," तो म्हणाला, "पागोटं काढून. कोकरू येईतोवर खाली बसायचं नाई, पाणी नाई. अन् जंगलाचंबी मंग पाहू म्हणते."

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्याची माय, त्याचा बिल्ला, त्याचा साहेब, सगळं काढलं. तो ऐकत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "झालं का? घरी माह्याबी मेंढ्या हायेत व बाई. आण आता. दोन डाव खाली पडला तो."

मी वाघरीत गेले. जावई मला पाहून शेपूट हलवायला लागला. कोकरू उचललं, कडेवर घेतलं. मोठं झालं होतं, पाय लोंबत होते, पण त्याला सवय होती, माझ्या खांद्यावर मान टाकून पडलं. जावई नेहमीसारखा पोचवायला आला. मी चालत होते आणि तो बाजूनं चालत होता. शेळ्या डाव्या हाताला होत्या. मी उजवीकडं वळले, बाभळीकडं. तो थांबला. त्याला कळेना. मी वाघर ओलांडली आणि कोकरू चपराशाच्या खांद्यावर दिलं. माझ्या हातानं दिलं, बा द्यायचा तसंच, उचलून.

कोकरू बें बें करायला लागलं तेव्हा जावई वाघरीवरून उडी मारून आला. मी दोन्ही हातांनी त्याची मान धरली आणि जमिनीवर बसले. मला फरफटत नेणं त्याला जड नव्हतं. चावला असता तरी हात सुटला असता. त्यानं दोन्ही केलं नाही. मी धरलं होतं म्हणून तो उभा राहिला, कोकराचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत. मग मान सोडवून घेतली आणि आत जाऊन बसला, माझ्याकडं पाठ करून.

संध्याकाळी बा आला. ओठ फुटलेले, पाय सुजलेले. वाघरीत नजर टाकली, कोकरू नव्हतं. "देल्लं?" म्हणाला. मी मान हलवली. "बरं केलं," म्हणाला आणि पाणी प्यायला. मला वाटत होतं त्यानं मला दोन शिव्या घालाव्यात, विचारावं की आता खुंटा कोण? इतकी वर्षं मी त्याला कमी बोलले होते का? पण तो म्हणाला, बरं केलं. मला लाज वाटली, आणि माझी भाकर घेऊन मी पालाच्या मागं जाऊन बसले.

दुसऱ्या सकाळी आजारी कोकरू घ्यायला म्हणून वाघरीवरून पाय टाकला. जावई उठला, सावकाश आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मान खाली. पोटातून तो आवाज.

"काय रे ए!" मी ओरडले. "मी हाय ना!" तेच तर त्याला माहीत होतं.

बाला आधी हसू आलं. "जावयाशी बोलणं बंद झालं का?" म्हणाला. येईल ठिकाणावर, चार दिवसांत विसरेल, जनावर ते. चार दिवस झाले, महिना झाला, पावसाळा गेला. बाला तो आत येऊ द्यायचा, मला नाही. मी भाकरीला तूप लावून ठेवलं. मी लांब गेले की खायचा, परत आले की उभा राहायचा. मी शिव्या दिल्या, रडले, एकदा काठीनंही मारलं. काठी त्यानं सोसली, वाट दिली नाही. कोकरं बा उचलून वाघरीवरून माझ्या हातात द्यायचा, मी पाजून परत त्याच्याच हातात द्यायची. शेजाऱ्याचा एक मरतुकडा मेंढा हातापाया पडून मागून आणला होता, त्याची लेकरं तशीच मरतुकडी झाली. जंगल मात्र मिळालं होतं. साहेबाची मुंडी उभी हलली होती, ताट चाटून झाल्यावर.

पुढच्या दौऱ्यात तंबू पुन्हा तिथंच पडला. साहेब तोच, भूक तीच. चपराशी आला, पण बाभळीच्या अलीकडं येईना. तिथूनच मला म्हणाला, "जाय ना व बाई, आण एक. मागच्या बारी आणलं होतंस तसंच."

मी दोन पावलं वाघरीकडं गेले. जावई उठला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बाभळीखालच्याकडं पाहिलं, आणि दोघांसाठी मिळून एकदाच गुरगुरला.

चपराशी पाहत राहिला. मग खो खो हसला. "असं हाय का! मंग ये, इकडं उभी राह्य माह्यासोबत. आपली पंगत एकच."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. पण तो खोटं काय बोलला होता? मी तिथंच उभी राहिले, त्याच्या बाजूला, वाघरीच्या बाहेर.

मग तो बाला म्हणाला, "म्हाताऱ्या, तू त आतच हायस. दे एक उचलून."

बा मेंढरांत बसून एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. काटा काढून झाला. माझ्याकडं पाहिलं, जावयाकडं पाहिलं, आणि हात न जोडता बोलला. बाला हात न जोडता बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. "ही गेली," म्हणाला. "आज म्या देल्लं त उद्यापासून म्याबी गेलो. मंग एवढ्या खांडीत जायले माणूस कोण ऱ्हायते, दादा? साहेबाले सांगा, मेंढरं समदीच घेऊन जा. कुत्रंबी न्या, त्याईचंच हाय."

चपराशानं मेंढरांवरून एकदा नजर फिरवली. त्याच्याही घरी मेंढ्या होत्या. मग खाकरला, बिल्ला सरळ केला आणि गावाकडं गेला, कोंबड्या बघायला. त्यानं तंबूत काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक. आमच्याकडं पुन्हा कोणी आलं नाही.

बानं आतल्या एका मेंढीचं दूध काढलं आणि चुलीवर तापवायला म्हणून लोटा घेऊन वाघरीशी आला. मी बाहेरून हात लांब केला. जावई बाच्या पायाशी उभा राहून माझ्या हाताकडं बघत होता, लोटा सुटून माझ्याकडं येईपर्यंत आणि मी मागं सरेपर्यंत. मी त्याला शिव्या देणार होते. तोंडात एकही आली नाही.